ध्रुवीय प्रकाश आणि चुंबकाची सुई

ध्रुवीय प्रकाश पाहायचा तर उत्तरेकडे जावे लागते आणि तेही हिवाळ्यात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण उत्तरेलाच का आणि हिवाळ्यातच का, असे विचारले की उत्तरे डळमळू लागतात. "तिकडे थंडी फार असते म्हणून", "बर्फावरून उजेड परावर्तित होतो म्हणून", अशी उत्तरे मला पदवीच्या वर्गातही मिळाली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉर्वे व स्वीडन या देशांच्या उत्तर भागात आठ दिवस राहून हा प्रकाश पाहण्याचा योग मला आला. परत आल्यावर विद्यार्थ्यांनी छायाचित्रे मागितली, ती दाखविलीही. परंतु छायाचित्रांत जे येत नाही ते सांगण्यासाठी हा लेख आहे. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. प्रवासात जे प्रत्यक्ष दिसले त्याच्या आधाराने विषय उलगडून दाखवावा आणि आपल्या प्रयोगशाळेतील एका उपेक्षित प्रयोगाशी त्याचे नाते जोडून द्यावे, एवढाच उद्देश आहे.

नावाविषयी थोडेसे

या प्रकाशाचे शास्त्रीय नाव 'अरोरा बोरिॲलिस'. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता. तिचे नाव आणि आपल्या वेदांतील 'उषस्' हा शब्द एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या ग्रंथात उषासूक्तांतील लांबलेल्या पहाटेवरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असावे, असा सिद्धान्त मांडला होता. तो सिद्धान्त आज संशोधक मान्य करीत नाहीत. परंतु ध्रुवाकडे पहाट लांबते, हे निरीक्षण बरोबरच आहे. सूर्य तेथे क्षितिजाशी तिरका, अगदी लहान कोन करून वर येतो आणि त्यामुळे संधिप्रकाश पुष्कळ वेळ टिकतो.

मात्र नाव एक असले तरी उषा आणि अरोरा या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पहाटेचा उजेड हा सूर्याचाच उजेड, हवेने विखुरलेला. ध्रुवीय प्रकाश हा सूर्याचा उजेड नव्हे. तेथे हवा स्वतःच प्रकाशते. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढील सर्व गोष्टी सोप्या होतील.

उत्तर म्हणजे किती उत्तर?

"एवढे गेलात तर थेट ध्रुवापर्यंत का गेला नाहीत?" असा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला. प्रश्न चांगला आहे. ध्रुवीय प्रकाश ध्रुवावर सर्वात जास्त दिसतो असे नाही. तो पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती एका कंकणाच्या आकारात पसरलेला असतो. अमेरिकेतील इलायस लूमिस यांनी १८६० साली ठिकठिकाणच्या नोंदी नकाशावर मांडून हा पट्टा प्रथम दाखविला. हे कंकण नेमके वर्तुळाकार नसून रात्रीच्या बाजूस विषुववृत्ताकडे अधिक झुकलेले असते, हे १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ फेल्डस्टाइन यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. कंकणाच्या आत, म्हणजे ध्रुवाच्या अधिक जवळ गेलो, तर प्रकाश पुन्हा विरळ होतो.

कंकणाचा मध्य भौगोलिक ध्रुवावर नाही. तो कॅनडा-ग्रीनलंडच्या बाजूला सरकलेला आहे. म्हणूनच कॅनडातील यलोनाइफ हे गाव अवघ्या साडेबासष्ट अक्षांशावर असूनही कंकणाखाली येते, तर नॉर्वेत त्यासाठी सदुसष्ट-सत्तर अंशांपर्यंत जावे लागते. मी मुक्कामासाठी निवडलेले ट्रॉम्सो हे नॉर्वेचे बंदर सुमारे ६९.६ अंशांवर आहे. आपले बेळगाव सोळा अंशांच्याही थोडे खालीच. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहामुळे ट्रॉम्सोचे बंदर गोठत नाही आणि जानेवारीतही तेथील सरासरी तापमान उणे चार अंशांच्या आसपास असते. प्रकाशाचा थंडीशी संबंध नाही, याचा हा साधा पुरावा म्हणता येईल.

हिवाळा कशासाठी?

हिवाळा हवा तो केवळ अंधारासाठी. ट्रॉम्सोला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. त्या काळातही वर हवा प्रकाशत असतेच, पण दिवसा तारे दिसत नाहीत तसा तो प्रकाश दिसत नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत रात्र पुरेशी काळोखी असते. याउलट चुंबकीय खळबळीचा विचार केला तर ती मार्च आणि सप्टेंबर या संपातांच्या सुमारास अधिक होते. म्हणजे थंडी वाढली की प्रकाश वाढतो, हा समज निराधार आहे.

ढगांचा प्रश्न मात्र खरा आहे. समुद्रकाठी असल्याने ट्रॉम्सोला ढग फार. यावर तोडगा आपल्याला घाटमाथ्यावरून सहज समजेल. खानापूर-जांबोटीकडे धो धो पाऊस कोसळतो आणि पूर्वेला अथणी-गोकाककडे शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो. सह्याद्री ढग अडवतो, त्याच्या पलीकडे पर्जन्यछाया पडते. नॉर्वे-स्वीडनच्या सीमेवरील डोंगर हेच काम करतात. त्या डोंगरांच्या पूर्वेस, टोर्नेट्रॅस्क नावाच्या मोठ्या सरोवराच्या काठी, स्वीडनमधील आबिस्को हे लहानसे गाव आहे. वर्षाकाठी तेथे जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडते. म्हणून पहिले चार दिवस ट्रॉम्सोला काढून मी बसने नार्विकला आणि तेथून आगगाडीने आबिस्कोला गेलो. हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी किरुनाच्या खाणीतील लोखंडाचे खनिज नार्विक बंदराकडे नेण्यासाठी बांधला गेला. उतारूंच्या गाड्यांबरोबर खनिजाच्या लांबलचक मालगाड्या आजही त्यावरून धावतात.

प्रकाश कसा निर्माण होतो?

सूर्यापासून विद्युत्भारित कणांचा प्रवाह सतत बाहेर पडत असतो. त्यास सौरवात म्हणतात. त्याचा वेग साधारणतः सेकंदाला ४०० किलोमीटर. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. भागाकार केला तर हा वारा आपल्यापर्यंत पोहोचायला चार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला बाहेरच्या बाहेर वळवते. "सूर्याचे कण ध्रुवांवर पडतात आणि हवा चमकते," असे वाक्य आपण पुष्कळदा वाचतो; ते अपुरे आहे. सौरवात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतो. त्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर दोन्हींच्या बलरेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि सौरवाताची ऊर्जा आत शिरते. ही ऊर्जा पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूस, लांब शेपटीसारख्या ताणलेल्या चुंबकीय क्षेत्रात साठते. ताण असह्य झाला की ती एकदम मोकळी होते आणि इलेक्ट्रॉन बलरेषांवरून वेगाने खाली येतात. हवेच्या अणुरेणूंवर ते आदळले की जुन्या टेलिव्हिजनच्या पडद्यासारखा उजेड पडतो.

रंगांचे गणितही मनोरंजक आहे. नेहमीचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूचा. त्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी १८६० च्या दशकात ही रेषा मोजली. पण ती ओळखीच्या कोणत्याही वायूशी जुळेना, आणि प्रयोगशाळेत ती ऑक्सिजनपासून मिळविण्यास १९२५ साल उजाडले. कारण असे की उत्तेजित झालेला अणू हा प्रकाश टाकण्यास सुमारे पाऊण सेकंद घेतो. अणूंच्या जगात हा फार दीर्घ काळ झाला. दाट हवेत तेवढ्यात शेकडो टकरा होऊन ऊर्जा निघून जाते. ऑक्सिजनचा लाल रंग तर जवळजवळ दोन मिनिटे घेतो. म्हणून लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वर, अतिविरळ हवेतच दिसतो, आणि हिरवा शंभर किलोमीटरच्या खाली सहसा उतरत नाही. पडद्याच्या खालच्या काठाला कधी कधी दिसणारी गुलाबी किनार नायट्रोजनची असते.

ही उंची कशी मोजली? नॉर्वेचे गणिती कार्ल स्टॉर्मर यांनी १९१० साली दोन ठिकाणी कॅमेरे ठेवून, टेलिफोनवरून खूण करून, एकाच क्षणी एकाच कमानीची छायाचित्रे घेतली. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर कमान किती सरकलेली दिसते, यावरून त्रिकोणमितीने उंची निघते. नदी न ओलांडता पलीकडच्या झाडाची उंची काढण्याचे उदाहरण आपण शाळेत सोडवतो, तेच हे.

ढगाळ रात्र

ट्रॉम्सोच्या चार रात्रींपैकी तीन ढगांत गेल्या. तिसऱ्या रात्री बर्फ पडत होते आणि बाहेर उभे राहण्यात अर्थ नव्हता. ट्रॉम्सोला ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी १९३० च्या सुमारास वेधशाळा सुरू झाली. तेथील चुंबकमापकाचे आलेख आज कोणालाही मोबाइलवर पाहता येतात. मी खोलीत बसून तो आलेख पाहत होतो. साडेदहापर्यंत रेघ जवळजवळ सरळ होती. मग ती एकाएकी खाली घसरली आणि पुढचा तासभर कित्येक शे नॅनोटेस्लांनी खालीवर होत राहिली. खिडकीबाहेर दिव्याच्या उजेडात भुरभुरणारे बर्फ तेवढे दिसत होते. वर, ढगांच्या शंभर किलोमीटर वर, केवढे तांडव चालले असेल याची साक्ष फक्त ती रेघ देत होती.

विद्यार्थी मित्रहो, मला या रात्रीचे मोल पुढच्या स्वच्छ रात्रीइतकेच वाटते. या विषयाचा इतिहासच सुईपासून सुरू होतो. १७४१ साली स्वीडनमधील उप्साला येथे अँडर्स सेल्सिअस (तापमापकामुळे आपल्या परिचयाचे) आणि त्यांचे सहकारी ओलोफ ह्योर्टर होकायंत्राच्या सुईचे निरीक्षण करीत होते. आकाशात ध्रुवीय प्रकाश आला की सुई अस्वस्थ होते, हे त्यांच्या ध्यानी आले. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम हेही सुई पाहत होते. ताडून पाहता त्याच दिवशी दोन्ही शहरांतील सुया हलल्या होत्या. म्हणजे कारण स्थानिक नव्हते, पृथ्वीव्यापी होते.

पुढे नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्केलँड यांनी १८९९ मध्ये आल्टा गावाजवळ, हाल्दे नावाच्या सुमारे ९०० मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर वेधशाळा बांधून भर हिवाळ्यात मापने केली. प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या निर्वात पेटीत चुंबकीय गोल ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला आणि गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटवून दाखविली. बलरेषांच्या दिशेने अवकाशातून खाली येणारे विद्युत्प्रवाह सुईला हलवतात, हे त्यांचे मत त्यांच्या हयातीत फारसे कोणी स्वीकारले नाही. १९१७ साली ते निवर्तले. १९६० च्या दशकात उपग्रहांनी ते प्रवाह मोजले आणि आज त्या प्रवाहांना बिर्केलँड यांचेच नाव आहे.

स्वच्छ रात्र

आबिस्कोला दुसऱ्या रात्री आकाश निवळले. तापमान उणे अठरा. दिव्यांपासून दूर, गोठलेल्या सरोवराच्या काठी मी नऊ वाजता जाऊन उभा राहिलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोबाइल खिशातच ठेवावा. प्रथम उत्तरेस एक फिकट, राखाडी पट्टा दिसला, आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री विरळ ढग दिसतो तसा. कॅमेऱ्याने चार सेकंद उघडझाप ठेवून टिपले तेव्हा तोच पट्टा चक्क हिरवा आला. यात फसवणूक नाही. मंद उजेडात डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत, कॅमेरा मात्र चार सेकंदांचा प्रकाश साठवतो. छायाचित्रे पाहून गेलेला माणूस येथेच निराश होऊन खोलीकडे वळतो. वळू नये. जपानी वंशाचे शास्त्रज्ञ अकासोफू यांनी १९६४ साली दाखविल्याप्रमाणे अशी शांत कमान ही पुष्कळदा स्फोटाची पूर्वतयारी असते.

तासाभरात कमान दक्षिणेकडे, आमच्या डोक्याच्या दिशेने सरकत आली. मग पूर्वेकडचे तिचे टोक उजळले. आता साध्या डोळ्यांनाही हिरवा रंग स्पष्ट होता. क्षणात कमानीला घड्या पडल्या, घड्यांमधून उभे किरण धावू लागले, खालच्या काठावर गुलाबी किनार सळसळत गेली आणि पायाखालचे बर्फ हिरवे झाले. किरण डोक्यावर आले तेव्हा ते एका बिंदूतून छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेले दिसले. वास्तविक ते समांतर असतात. रुळांच्या दोन पट्ट्या दूरवर मिळाल्यासारख्या वाटतात, तसाच हा भास. तो बिंदू नेमका डोक्यावर नव्हता, किंचित दक्षिणेला होता, कारण तेथील बलरेषा पूर्ण उभ्या नसून थोड्या कललेल्या आहेत. नतिमापकात आपण जो नतिकोन वाचतो, तो तेथे आकाशात रेखलेला दिसत होता. सारा प्रकार दहा-बारा मिनिटे चालला. बाजूला एक वृद्ध फिनिश गृहस्थ होते. त्यांच्या भाषेत या प्रकाशाला 'कोल्ह्याचा विस्तव' म्हणतात, असे त्यांनी सांगितले आणि पुन्हा मान वर करून गप्प झाले. मीही काही बोललो नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार सूचना. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून अंगालगत लोकर असावी. वर स्वेटर आणि वारा अडविणारे जाकीट. बूट सैल असावेत, घट्ट बुटांत पाय आधी गारठतात. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवावी, थंडीत ती लवकर उतरते. खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत बंद करावा, म्हणजे भिंगावर दव धरत नाही. आणि एकाच रात्रीवर भिस्त ठेवू नये.

कुलाब्याची सुई

एवढा खर्च आणि एवढी रजा प्रत्येकाला शक्य नाही, हे मी जाणतो. पण हा विषय परका आहे, असे कोणी समजू नये. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांजवळ एक प्रखर झळाळी पाहिली. साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. क्यूबा आणि हवाईपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत तारायंत्रे बॅटरी काढून टाकल्यावरही चालली. त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरचा पावसाळी दिवस होता, सकाळचे अकरा वाजत आले होते. आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुलाबा वेधशाळेत निरीक्षक आपल्या नित्याच्या कामावर होते. त्यांनी चुंबकमापकाची वाचने घेऊन वहीत उतरविली. पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. त्या वादळाची तीव्रता ठरविताना, १४४ वर्षांनी, २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स या शास्त्रज्ञांना याच नोंदीचा आधार घ्यावा लागला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली हे काम अलिबागला नेण्यात आले. १९०४ पासून तेथे मापने होत आहेत. १० आणि ११ मे २०२४ रोजी मोठे वादळ आले तेव्हा लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ तांबूस झळाळी टिपली. इतक्या दक्षिणेकडून फक्त फार उंचीवरचा भाग दिसू शकतो आणि त्या उंचीचा रंग लाल, हे आता वाचकांना सांगावयास नको. भारताचा 'आदित्य-एल१' हा उपग्रह जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेस स्थिरावला. तेथून सौरवात पृथ्वीवर यायला सुमारे एक तास लागतो. तासाची ही आगाऊ सूचना वीजकेंद्रांना मोलाची असते, कारण मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले होते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. विचलन चुंबकमापकाने क्षितिजसमांतर घटक 'एच' काढण्याचा प्रयोग मुले कंटाळून करतात. उत्तर ठरलेले, सुमारे ०.४ गॉस, म्हणजे चाळीस हजार नॅनोटेस्ला. काही जण ते आधीच माहीत असल्याने वाचने उलट्या बाजूने जुळवूनही आणतात. १८५९ साली कुलाब्यात पडलेला फरक या संख्येच्या सुमारे चार टक्के होता. त्या दिवशीच्या निरीक्षकाने "आज सुई चुकते आहे" असे म्हणून नेहमीचा आकडा लिहिला असता, तर शतकातील सर्वात मोठ्या वादळाचे आपल्याकडील माप कायमचे हरवले असते. त्याने ध्रुवीय प्रकाश कधी पाहिला नसावा. दिसले ते लिहिले, एवढेच त्याने केले, आणि तेवढ्याने भागले.

तेव्हा पुढच्या सत्रात ज्यांना इच्छा असेल त्यांनी महिनाभर रोज एका ठरलेल्या वेळी एकाच टेबलावर 'एच' मोजावा, जवळपास लोखंड नाही याची खात्री करावी, आणि आपली वाचने अलिबागच्या प्रसिद्ध होणाऱ्या मापनांशी ताडून पाहावीत. आपल्या उपकरणाची त्रुटी किती आणि पृथ्वीचा खरा बदल किती, हे वेगळे काढता येते का, ते पाहावे. बहुधा त्रुटीच मोठी निघेल. ती किती मोठी आहे, हे प्रामाणिकपणे लिहिलेली वही मला दाखवावी. मी ती आनंदाने तपासीन.